मंग करा की

प्रमाणपत्र टपालाने आलं आणि मी ते जिन्यातच फोडलं. मी शिकायला राहते त्या कील शहरातल्या आमच्या इमारतीत टपालपेट्या तळमजल्यावर आणि माझी खोली चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी वाचत वाचत हसत होते, तिसऱ्यावर आले आणि कठडा धरून उभी राहिले. जाड, किंचित पिवळसर कागद, वर जिल्हा कचेरीचं चिन्ह, खाली डॉक्टर कास्ट्रुपबाईंची बारीक, सरळ सही. कायद्याच्या अभ्यासक्रमात सहा आठवड्यांची सरकारी उमेदवारी सक्तीची असते, ती मी उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली केली होती. सरकारी हुकमांवर लोक हरकती घेतात, त्या ऐकणारी त्यांची शाखा. अशा प्रमाणपत्रांची आमच्याकडे एक न्यारीच भाषा असते. ‘समाधानकारक’ लिहिलं की समजायचं माणूस वाईट होता, ‘पूर्ण समाधानकारक’ म्हणजे बरा, आणि ‘नेहमीच अतिशय पूर्ण समाधानकारक’ असं व्याकरणालाही लाज वाटेल असं काही लिहिलं असेल तर तो खरोखर चांगला. माझ्या कागदावर ते तिसरं होतं. त्याखाली एक जास्तीची ओळ होती. ‘सुनावणीच्या नोंदी घेण्यात थेडसनबाई विशेष विश्वासू ठरल्या.’ माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई कुत्र्याला घेऊन खाली निघाल्या होत्या, त्या थांबून म्हणाल्या, “वाईट बातमी का हो?” “नाही, चांगलीच आहे,” मी म्हणाले, आणि कुत्रा माझ्या बुटांचा वास घेत राहिला.

विश्वासू. हा शब्द कुठून तरी ऐकू येऊ नये म्हणून मी खोलीत जाऊन नळ सोडला आणि उगीचच दोन कप धुतले. एकविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणी ‘थेडसनबाई’ म्हणालं ते त्या कचेरीत. पहिल्याच सकाळी कास्ट्रुपबाईंनी हात पुढे केला, “या, थेडसनबाई,” म्हणाल्या, आणि त्या दिवशी मी दोन बोटं उंच होऊन चालले. त्या इकडच्या नव्हत्या, दक्षिणेकडून नेमणुकीवर आलेल्या. कोरड्या होत्या, पण कोणाला घालूनपाडून बोलत नसत. माझ्या टेबलासमोर लेन्ट्स नावाचा कारकून बसायचा. जेवणाच्या सुट्टीत तो समुद्रकाठच्या शेतकऱ्यांची नक्कल करी. “सायेब, माज्या म्हशीनं काय गुन्हा केला?” असं काहीतरी नाकातून बोलायचा आणि सगळं टेबल हसायचं. आमच्याकडे म्हशी नाहीत, मेंढ्या आहेत, हेही त्याला ठाऊक नव्हतं. सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं असेल ते सांगायला नको. मी हसता हसता बटाट्यावर आणखी रस्सा घेतला होता, हे मात्र मला अजून आठवतं.

कारण ती नक्कल माझ्या बापाची होती. घरी आम्ही तीच बोली बोलतो, समुद्र अडवणाऱ्या बंधाऱ्याजवळची, आखूड, अर्धे शब्द गिळणारी. मी पाचवीत शहरच्या शाळेत गेले तेव्हा मला वाटायचं की सगळं जगच असं बोलतं. पहिल्याच आठवड्यात उभी राहून म्हणाले, “बाई, माजं पुसनं हरवलं.” खोडरबर हरवला होता. वर्गात हशा फुटला. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतक्या गोड हसल्या! म्हणाल्या, “अगं किती छान! पुन्हा म्हण बघू.” आणि मी पुन्हा म्हणाले. वर्गासमोर तीनदा म्हणाले, तिसऱ्यांदा मीसुद्धा हसले. त्या वर्षी मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज पाठ केला. वाक्यं पूर्ण करायची, शेवटचं अक्षर गिळायचं नाही, आश्चर्य वाटलं तरी आवाज चढवायचा नाही. घरी आल्यावर बुटांबरोबर हा आवाजही दाराशी काढून ठेवायचा. बा कधी बोलला नाही, पण शाळेच्या कार्यक्रमाला यायचं त्याने हळूहळू बंद केलं. तिथे तो आला की मी त्याच्याशी कोणत्या आवाजात बोलायचं हे मला ठरवता येत नसे, आणि ते त्याला दिसत असावं.

लहानपणापासून ओळखीच्या टाडेकाकाची सुनावणी माझ्या चौथ्या आठवड्यात होती. फाईल मीच काढून ठेवली होती, नाव वाचलं होतं आणि ते नाव दुसऱ्या कोणाचं असेल अशी वेडगळ आशाही केली होती. टाडे फोल्कार्ट्स, वय शहात्तर, बंधाऱ्याच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला, मातीच्या उंचवट्यावर लाकडी घर. तिथे राहायला कायद्याने बंदी आहे, सप्टेंबरअखेर घर सोडा असा हुकूम, आणि त्या हुकमावर त्याची हरकत. तो आला तो काळा कोट घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली धुरी दिलेली वाम, सापासारखी लांब मासळी, घेऊन. ती त्याने कास्ट्रुपबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या अवघडल्या. “आम्हाला भेट घेता येत नाही हो. नियम आहे.” त्याने ती उचलून गुडघ्यांवर घेतली आणि तशीच धरून बसला. लेन्ट्सने उठून खिडकी उघडली. मग टाडेकाकाने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. “आरं, तू बोयेची पोरगी न्हवं का?” बोये म्हणजे माझा बा. कास्ट्रुपबाईंनी मान वळवली, लेन्ट्सने वळवली. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले, “आपण विषयाकडे वळू या का?” आवाज रेडिओचा होता.

तो वळला. त्यात त्याची चूक एवढीच की शुद्ध भाषेत बोलायला लागला की त्याचं अर्धं म्हणणं वाटेतच सांडायचं. दोन वाक्यं त्याने जेमतेम ओढली, मग हात हलवून त्या भाषेला बाजूला सारलं आणि आमच्या बोलीत बोलू लागला. दहा मिनिटं बोलला. “गावातल्या खोलीत मला झोप न्हाई यायाची, बाई. पानी आत याया लागलं की मी झोपतो, पानी मागं सरलं की मला जाग येती. येक्केचाळीस वर्सं. घड्याळ न्हाई माज्याकडं. गावात मी उठनार कशानं? आन् का उठनार?” बायको गेली त्या रात्री भरती होती आणि डॉक्टरला येता आलं नव्हतं, हेही त्याने सांगितलं. म्हणजे कास्ट्रुपबाईंच्या बाजूचा सगळ्यांत मोठा मुद्दा त्याने आपण होऊन त्यांच्यासमोर ठेवला, इतका तो सरळ माणूस. आणि पुढे म्हणाला, “तरीबी तिला तितंच ऱ्हायाचं व्हतं. तितनं जाऊया म्हनली आसती तर गेलो आसतो.” त्या खोलीत हे सगळं कळलेली एकच व्यक्ती होती. तिने टंकलं, ‘अर्जदाराने आपली परिस्थिती सांगितली.’

कास्ट्रुपबाईंना दुष्ट म्हणणं फार सोयीचं होईल, म्हणून मी ते करत नाही. त्या पुढे झुकून सावकाश बोलत होत्या, बहिऱ्याशी बोलावं तसं, पण मायेने. “हे बघा फोल्कार्ट्स, हे तुमच्या भल्याचंच आहे. गावात खोली मिळेल, गरम पाणी, दवाखाना दोन मिनिटांवर. वादळात पाणी चढलं की तुम्हाला काढायला माणसं पाठवावी लागतात, त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे. हरकत मागे घेतलीत तर आम्ही सगळी मदत करू. तर मग, करू या का तसं?” टाडेकाकाने मांडीवरच्या पुडक्याची दोरी घट्ट केली आणि म्हणाला, “मंग करा की.”

आमच्याकडे हे तीन शब्द माणूस कधी म्हणतो, ते मला कोणी शिकवलं नाही, तरी मला कळतं. आमच्या घोडीचा पाय मोडला आणि गुरांच्या डॉक्टरने पिशवी उघडली तेव्हा बा म्हणाला होता. आई शेवटच्या वेळी दवाखान्यात गेली, नर्स म्हणाली की आता तुम्ही घरी जा, तेव्हा म्हणाला होता. तुम्ही ठरवलंच आहे, तुमचा हात वर आहे, मी पाया पडणार नाही, पण यात माझं नाव घालू नका, असा त्याचा अर्थ. होकार सोडून त्यात सगळं आहे. बंधाऱ्यापाशी वाढलेलं चार वर्षांचं पोरही तो सूर ऐकला की बापाचा हात धरतं. कास्ट्रुपबाई माझ्याकडे वळल्या. बिचाऱ्यांना शंका आली होती, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. “थेडसनबाई, तुम्ही इकडच्याच ना? हा होकार म्हणायचा का?” लेन्ट्स बघत होता, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दुपारच्या नकलेची तयारी मला दिसत होती. टाडेकाकाही बघत होता, पण त्याच्याकडे मी बघितलं नाही. “मला ती बोली येत नाही,” मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर त्यांनी दुभाष्या बोलावला असता. पण मला हुशारही दिसायचं होतं. म्हणून पुढे म्हणाले, “पण ‘ठीक आहे, करा’ असंच काहीसं असावं.”

त्यांनी सांगितलं आणि मी टंकलं, ‘चर्चेअंती अर्जदार आपली हरकत मागे घेत आहे.’ मग नियमाप्रमाणे मी ते वाचून दाखवलं, भरभर, कचेरीच्या एका सुरात. टाडेकाकाचा चष्मा घरी राहिला होता. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं आणि त्याने तिथे ती केली. पुढचे अकरा आठवडे मी स्वतःला सांगत आले की त्याने ऐकलं, सही केली, मोठा माणूस आहे, त्याला नको असतं तर म्हणाला असता. पण तो म्हणालाच होता. आणि गंमत अशी की आमच्या प्रांताच्या कायद्यातच लिहिलं आहे, माणूस कचेरीत आपल्या बोलीत आपलं म्हणणं मांडू शकतो. आदल्या सत्रात या कलमावर मला परीक्षेत प्रश्न आला होता. मी त्यावर दीड पान लिहिलं, आणि प्राध्यापकांनी समासात ‘उत्तम’ असा शेराही दिला.

टपाल आलं त्या दिवशी दुपारी मी बाला फोन केला. प्रमाणपत्राचं सांगायचं नव्हतं, पण दुसरं काही निमित्तही नव्हतं. मेंढ्यांचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं, आणि मग आमच्या बोलीत, जीभ आपोआप सैल पडून, म्हणाले, “बा, टाडेकाकाचं काय झालं?”

“काय व्हायाचं? सामान बांधतुया. पंधरा दीस ऱ्हायलं. त्यो तुजं लई कवतिक करत व्हता.”

“माजं?”

“व्हय. म्हनला, बोये, तुजी पोर खुर्चीवर बसलीया, रेडिओवानी बोलती. पर तिला आपलं बोलनं कळत न्हाई म्हनं. खरं का, म्हनून इचारलं.”

“मंग?”

मागे कुत्र्याने भांडं सरकवल्याचा आवाज आला. “म्हनलं, खरं हाय. तिच्याशी आमी घरात कदी तसलं बोललोच न्हाई. साळंत आडचन नगं. पयल्यापासून शुद्धच बोललो, म्हनलं.”

हे तो मला आमच्या बोलीत सांगत होता. मी फोन कानाला दाबून धरला. पाच वर्षांची असताना मी टाडेकाकाच्या धुरीच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून दिवसभर बडबडायचे. वाम सोलताना ती निसटू नये म्हणून हाताला राख लावायची, ते त्यानेच मला शिकवलं, आणि मी त्याला माझ्या बाहुलीचं भांडण सांगायचे. त्याच बोलीत. म्हणजे सुनावणीच्या खोलीत मी खोटं बोलतेय हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. तरी तो बापाकडे गेला, त्याला विचारलं, आणि बापाने जे सांगितलं ते मान्य करून परत फिरला. दोघं म्हातारे बंधाऱ्यावर उभे राहून माझी लाज आपसात झाकून घेत होते, आणि त्यांतल्या एकाचं घर जात होतं. “काय म्हनला मंग टाडेकाका?” मी विचारलं. “म्हनला, बरं केलंस बोये. ह्या बोलन्यानं आपलं कुटं भलं झालं?”

मी कचेरीला पत्र लिहायला कागद घेऊन बसले. पहिल्या मसुद्यात ‘गैरसमज’ असा शब्द होता. दुसऱ्यात ‘अपुरे आकलन’. तिसऱ्यात मी अननुभवी असल्याचा उल्लेख होता, आणि तो वाचताना माझाच मला राग आला. शुद्ध भाषेत लपायला किती जागा असतात! शेवटी मी चार वाक्यं लिहिली. टाडे फोल्कार्ट्स यांनी हरकत मागे घेतलेली नाही. ते जे बोलले ते मला पूर्ण समजलं होतं. समजत नाही असं मी खोटं सांगितलं. मी ही बोली जन्मापासून बोलते आणि घरी वडिलांशी आजही हीच बोलते. चौथं वाक्य गाळून बघितलं तर बाकीची तीन लंगडी पडत होती. मला समजत होतं याला दुसरा पुरावा नव्हता. पुन्हा फोन लावला आणि बाला ते वाचून दाखवलं.

“म्हंजी म्या खोटं बोललो आसं सरकारी कागदावर येनार,” तो म्हणाला.

“तुजं नाव न्हाई लिवलं, बा.”

“नावाचं काय करायचंय? तुला बाप येकच हाय.”

“टाडेकाकाचं घर हाय ते.”

“ठावं हाय मला त्याचं घर.” आणि त्याने फोन ठेवला. मी पोस्टात गेले. त्या अर्ध्या तासात मी धीट वगैरे नव्हते. पत्र पेटीत पडल्यावरही, आत हात घालून ते काढता येईल का, हे मी बघितलं.

तिसऱ्या दिवशी कास्ट्रुपबाईंचा फोन आला. “तुम्हाला समजत होतं?” “हो.” “मी तुम्हाला विचारलं होतं.” “हो.” मग मला त्यांच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. “मला वाटत होतं, मी त्या माणसाशी नीट वागले,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रथमच कचेरीचा नव्हता. “तुमच्यामुळे मला तसं वाटलं.” प्रमाणपत्र परत पाठवा म्हणाल्या, मी त्याच दिवशी पाठवलं. दुसरं आलं त्यात फक्त तारखा आहेत. लेन्ट्स आता कुठली नक्कल करतो ते मला माहीत नाही, पण करत असेल तर ती माझीच असणार. सुनावणी पुन्हा झाली, शेजारच्या गावचे एक निवृत्त शिक्षक बाजूला बसून शब्द न् शब्द सांगत होते, आणि या वेळी नोंद सात पानांची झाली. टाडेकाका हयात असेपर्यंत तिथे राहू शकतो. वादळाचा इशारा आला की मात्र त्याने गावात झोपायला यायचं. त्याला ते मान्य आहे, आणि या वेळी खरंच मान्य आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी घरी गेले. टाडेकाका बंधाऱ्यावर भेटला, टोपीला बोट लावलं, “आलीस का?” म्हणाला आणि पुढे गेला. रागावला नव्हता. मला तो रागावायला हवा होता. बा दारात उभा होता. धुतलेला सदरा घातला होता. “ये, गेशे. प्रवास नीट झाला का?” मला वाटलं, शुद्ध बोलून माझी चेष्टा करतोय. मी हसले. “बा, आसं काय बोलतुयास?” त्याने माझी पिशवी घेतली, आत नेली, कॉफी ओतली. बसला. एकेक शब्द मोजून मापून, बँकेत बोलावं तसा बोलला, “टाडेला मी सांगितलं होतं की या घरात आपण असंच बोलतो. तो शब्द मी दिला आहे. आता तो खरा करायला पाहिजे.”

“आरं पर आता त्याला सगळं ठावं हाय की!”

“त्याला माहीत आहे, म्हणूनच,” बा म्हणाला.

मी बोलीतच बोलत राहिले. तो शुद्ध भाषेत उत्तरं देत राहिला. छताबद्दल सांगितलं, शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरबद्दल सांगितलं. शेवटची अक्षरं गिळू नयेत म्हणून वाक्याच्या टोकाशी तो किंचित थांबायचा, आणि तिथे त्याच्या गळ्याची शीर हलायची. आयुष्यात प्रथमच तो मला म्हातारा वाटला. संध्याकाळच्या आधी आम्ही मेंढ्या बघायला गेलो. एक मेंढी पुढचे गुडघे टेकून चरत होती. “तिच्या खुराला,” बा म्हणाला, “तिच्या खुराला ते...” आणि अडला. त्या दुखण्याचा शुद्ध शब्द त्याला येत नव्हता. चाळीस वर्षं मेंढ्या राखल्या, या एका दुखण्यावर रात्री काढल्या, आणि त्याचं नाव तोंडात असून तो ते बाहेर येऊ देत नव्हता. मी आमच्या बोलीतला शब्द पुढे केला. त्याने मान हलवली, नको म्हणून, आणि मेंढीकडे बघत थांबून राहिला. वारा होता, त्याचे डोळे पाणावले होते. शेवटी मी त्याला शुद्ध शब्द सांगितला.

“धन्यवाद,” बा म्हणाला.